दोन चिंचोल्यांचं पीठ

आमच्या गोठ्यात चूल मांडली गेली, तेव्हा गोठ्यात एकही जनावर उरलेलं नव्हतं. दोन्ही बैल आणि गाभण गाय अप्पांनी निलंग्याच्या बाजूला मामांकडे नेऊन सोडली होती, कारण मामांच्या विहिरीला अजून कमरेएवढं पाणी होतं आणि आमच्या विहिरीत खाली उतरून वाटीने घागर भरावी लागत होती. दावणीला नुसत्या दाव्यांच्या गाठी लोंबत होत्या. अव्वा, म्हणजे माझी आई, तो गोठा सलग तीन दिवस सारवत होती. पाणी कमी, म्हणून शेणकाला दाट आणि हात जास्त. चौथ्या दिवशी तिने तीन मोठे दगड मांडले, त्यांच्यावर सरकारने दिलेली कढई ठेवली आणि लांब उभी राहून, लग्नाला आलेली मुलगी बघावी तशी त्या कढईकडे बघत राहिली. कढई एवढी मोठी होती की आमची धाकटी भावंडं तिच्यात बसून दडून राहिली असती तरी दिसली नसती.

आमच्या चिंचोलीला पोषण आहार केंद्र मंजूर झालं होतं. पीठ, तेल आणि गूळ सरकार देणार, स्वयंपाक गावातल्या बाईने करायचा आणि सहा वर्षांखालच्या लेकरांना रोज दुपारी पोटभर सुकडी द्यायची. केंद्राला खोलीही मंजूर होती. शाळेच्या बाजूला तिचा पाया खोदून झाला होता, दगड येऊन पडले होते, पण माणसांना प्यायला पाणी नसताना भिंतींना कुठून आणणार, म्हणून काम तिथंच थांबलं. चावडीवर सरपंचांनी विचारलं, तोवर करायचं कुठं आणि कोण करणार. बायकांमध्ये कुजबुज झाली. चूल पेटवायची म्हणजे आधी पाणी आणायचं, हे सगळ्यांना कळत होतं. मग अव्वा उठून म्हणाली, "आमचा गोठा मोकळाच हाय. मी करते." घरी येऊन तिने अप्पांना सांगितलं तेव्हा अप्पा सुतळी वळत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "इचारूलालीस का सांगूलालीस?" अव्वा म्हणाली, "सांगूलाले." अप्पांनी सुतळीला पीळ दिला आणि विषय संपला.

आमचे अप्पा असेच होते. दिवसभरात मोजकी वाक्यं बोलायचे. सकाळी अंघोळ, नसली तर हातपाय धुणं, मग तळहातावर लिंग घेऊन पूजा, कपाळाला भस्म, आणि त्यानंतर रानात. रानात करण्यासारखं काही नव्हतं, तरी जायचे. भेगा पडलेल्या काळ्या रानात बांधावर बसून यायचे. मी एकदा विचारलं, "अप्पा, तिथं काय करताव?" तर म्हणाले, "रानाला एकटं वाटू नये." ते थट्टा करत होते की खरंच बोलत होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

गोठ्यातली ती दुपार मला अजून कानांनी आठवते. आधी टँकरचा भोंगा, मग घागरींचा खणखणाट, मग अव्वाचा आवाज, "आधी केंद्राची घागर, मग घराची." कढईत तेल तापलं की पीठ पडायचं आणि मोठं उलथनं एका लयीत फिरायला लागायचं. पीठ भाजल्याचा वास वेशीपर्यंत जायचा आणि त्या वासामागून लेकरं यायची. हातात जर्मनची ताटली, कुणाकडे नुसती वाटी, कुणाकडे धाकटं भावंड. पहिल्या आठवड्यात लेकरांच्या दोन रांगा बसत होत्या, गावातली एक आणि वस्तीतली एक, हे लपवण्यात अर्थ नाही. कुणी तसं सांगितलं नव्हतं, आणि अव्वानेही मोडलं नव्हतं. पण अंगणात सावली एकाच लिंबाची. ऊन चढलं तसं लेकरं सरकत सरकत सावलीत आली आणि एकच रांग झाली. अव्वाने दोन घटका पाहिलं आणि वाढायला लागली. त्यानंतर ती रांग पुन्हा दोन झाली नाही. मी दहावी होऊन घरी बसले होते. पाणी आणणं, गूळ फोडणं, ताटल्या विसळणं आणि लेकरांची हजेरी मांडणं माझ्याकडे होतं. सत्तेचाळीस लेकरांची नावं मला पाठ होती. आता सकाळी गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, पण ती नावं अजून ओळीने येतात.

त्याच सुमारास आमचा जिल्हा नवा झाला होता. उस्मानाबाद सुटलं आणि लातूर आलं. शाळेत पेढे वाटले होते. अप्पांनासुद्धा आनंद झाला होता, कारण पूर्वी कचेरीचं काम म्हणजे जाऊन येऊन दोन दिवस मोडायचे आणि आता सकाळच्या एस.टी.ने निघालं की दिवस मावळायच्या आत घरी. गाव जिथल्या तिथं होतं, पण त्याचा पत्ता बदलला होता.

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली आणि गेली. एरवी त्या दिवशी अख्खं गाव रानात जेवायला असतं, ज्वारीच्या ताटांच्या खोपीत पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे. त्या वर्षी रानात ताटंच नव्हती. अव्वाने घरीच गाडगंभर आंबील केलं आणि शेजारी वाटलं. येळवशीनंतर पिठाची गाडी यायची होती, ती आली नाही. उशीर झाला असेल म्हणून आम्ही पोती झटकून झटकून पुरवलं. पुढच्या महिन्यातही आली नाही. सरपंचांनी जुन्या जिल्ह्याला पत्र लिहिलं, तर उत्तर आलं की सदर गाव आता आमच्याकडे नाही. नव्या जिल्ह्याला लिहिलं, तर उत्तरच आलं नाही. दरम्यान लेकरं रोज येत होती. दोन वर्षांच्या लेकराला जिल्हा कसा समजावून सांगायचा? अव्वाने घरची ज्वारी काढली. दळून तिची पातळ उकड करायची, त्यात मीठ आणि असला तर गुळाचा खडा. मग घरची ज्वारीही बुडाला आली. राहिली ती बियाणाची कणगी. लिंबाचा पाला आणि राख घालून अप्पांनी तिचं तोंड शेणामातीने लिंपून टाकलं होतं.

एका सकाळी अप्पा म्हणाले, "बियाला हात लावू नको."

"मी कुठं लावला?"

"लावला न्हाईस. पन बगूलालीस, कवाची."

अव्वाने सगळी भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली, आणि मग म्हणाली, "मी लातूरला जाते. नंदाला संगं नेते. तिला लिवता येतं." नंदा म्हणजे मी. अप्पा म्हणाले, "जाऊन या. लेकरांचं मी बगतो." अव्वाने विचारलं, "तुमी काय बगताव?" अप्पा म्हणाले, "सांगतो त्यांना, परवा या मनून."

लातूरला ती कचेरी शोधण्यातच अर्धा दिवस गेला. नवा जिल्हा म्हणजे काय ते मला तिथं कळलं. कुणाच्या तरी राहत्या घरात भाड्याने थाटलेली कचेरी, बाहेरच्या पाटीचा रंग हाताला लागत होता, बैठकीत टेबलं, माजघरात टेबलं आणि न्हाणीघरात फायलींचे गठ्ठे. नळाला पाणीच नव्हतं, त्यामुळे ते भिजण्याची भीती नव्हती. ती कोणती कचेरी होती ते मी लिहीत नाही. चूक कुणी मुद्दाम केलेली नव्हती, आणि तिथल्याच एका माणसाने ती शोधून काढली. त्यांना सगळे अजीजभाई म्हणत. वयस्कर कारकून, पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. आम्हाला चार टेबलांवरून परत पाठवलं होतं, पाचवं त्यांचं.

"बसा अम्मा," ते म्हणाले. "कोणतं गाव?"

"चिंचोली."

त्यांनी यादी काढली, बोट फिरवलं आणि म्हणाले, "पण तुमचा माल जाऊन राहिला की. दर महिन्याला पोच येते. हा बघा अंगठा, सखराबाईचा."

"कोन सखराबाई?" अव्वाने विचारलं. तिचा आवाज चढला होता. "आमच्या गावात सखराबाई न्हाई."

अजीजभाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि यादी खिडकीपाशी नेली. बराच वेळ ते बघत राहिले. मग त्यांनी मला बोलावून दाखवलं. यादीत एकाखाली एक दोन चिंचोल्या होत्या. खालची आमची, औसा तालुक्यातली. वरची तिकडे अहमदपूरकडची, नांदेड जिल्ह्याच्या सीमेला लागून. पण टाइप करणाऱ्याने तालुक्याच्या रकान्यात वरचंच नाव पुढे चालू अशा खुणा खालपर्यंत ओढत नेल्या होत्या. त्यामुळे दोन्ही चिंचोल्या अहमदपूरच्या झाल्या आणि दोघींचं पीठ एकाच गावात उतरत होतं.

"गलती आमची आहे," अजीजभाई म्हणाले. "यादी मी दुरुस्त करतो. मगर पुढची गाडी सुटायला महिना लागेल. तिथं शिल्लक असेल तर त्या बाईंकडून लिहून घ्या आणि घेऊन जा. माझी चिठ्ठी देतो."

त्या दिवशी आम्ही लातूरला आत्याकडे राहिलो आणि सकाळच्या गाडीने अहमदपूर गाठलं. तिथून जीप. जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती आणि शेजारी अव्वा सखराबाईला काय काय सुनवायचं त्याची तयारी करत होती. तिचे ओठ हलत होते. मधूनच ती मला विचारायची, "दुसऱ्याच्या लेकरांच्या तोंडचं खाल्लं, असं मनलं तर लई होतंय का गं?" मी म्हणाले, "न्हाई होत." मला स्वतःला तर त्याहून जास्त बोलायचं होतं. आमच्या सत्तेचाळिसांतलं एक लेकरू, गोविंदा नावाचं, उकड प्यायला लागल्यापासून वाळत चाललं होतं. ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

ती चिंचोली माळावर होती. आमच्यासारखी काळी माती नाही, सगळा मुरूम आणि दगड. गावात सखराबाईचं घर विचारलं तर लोकांनी सांगितलं, ती तलावाच्या कामावर आहे. गावाबाहेर पाझर तलावाचं दुष्काळी काम चाललं होतं. शेकडो माणसं, टोपल्यांची ओळ, आणि मातीच्या धुरळ्यातून पीठ भाजल्याचा तोच वास. आम्ही वासाच्या मागं गेलो. एका पळसाखाली दोन कढया चढल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये एक धिप्पाड बाई दोन हातांत दोन उलथनी घेऊन उभी होती. हातांवर कोपरापर्यंत गोंदण, पदर कमरेला खोचलेला. समोर लेकरंच लेकरं. आमच्याहून दुपटीने. काही तर इतकी लहान की बसताही येत नव्हतं, मोठ्या बहिणींनी त्यांना पायांत धरलं होतं.

अव्वाने नाव विचारलं, आपलं गाव सांगितलं. सखराबाईने दोन्ही कढया आधी खाली उतरवल्या. मग हात पुसत म्हणाली, "म्हंजे ते पीठ तुमचं हाय? बाई, मी त्या डायव्हरला दर खेपेला सांगून राहिले, की बाबा, हे जास्तीचं हाय, हे आमचं न्हाई. तो म्हने यादीत हाय, उतरून घे."

"मग ठिवायचं होतं तसंच," अव्वा म्हणाली.

"ठिवलं होतं की. पहिल्या महिन्याचं तसंच ठिवलं." तिने लेकरांकडे हात केला. "मंग हे लोक आले कामावर. कंधारकडचे, लोह्याकडचे. मी इचारलं साहेबाला, यांच्या लेकरांचं काय? साहेब म्हने, ती नांदेड जिल्ह्याची, ती आपल्या यादीत येत न्हाईत. मंग मला वाटलं, सरकारनं जास्तीचं धाडलं ते यांच्यासाठीच असंल. मी कढई चढवली. घरात तुमची पोती हायेत. तुमचं हाय, तुमी घेऊन जा. मला लिवता येत न्हाई, अंगठा देते."

अव्वाने जीपमध्ये जुळवलेलं एकही वाक्य बाहेर आलं नाही. ती पळसाच्या बुंध्याशी बसली. सखराबाईने तिला आणि मला ताटलीत सुकडी दिली. अव्वाने एक घास खाल्ला, चावला आणि म्हणाली, "पीठ अजून जरा भाजायला पायजे. गूळ लई लवकर टाकताव तुमी."

"लाकूड पुरत न्हाई, अक्का."

"मग आच बारीक ठिवून झाकन ठिवावं." असं म्हणून अव्वा उठली, पदर खोचला आणि दुसरी कढई तिने स्वतः घेतली. त्या दोघींनी मिळून त्या दिवशीची पंगत वाढली. मी ताटल्या वाटत होते. माझ्यापुढे सहा-सात वर्षांची एक पोर होती, कडेवर भाऊ. तिने आपली सुकडी बोटांनी चेचून चेचून आधी त्याला भरवली, आणि तो तोंड फिरवायला लागल्यावर उरलेली आपण खाल्ली. मी गोविंदाला आठवत होते आणि या पोरीकडे बघत होते, आणि मला कुणावर रागवावं तेच कळेना. आयुष्यात नंतर खूप बैठकांना बसले, मागणी आणि पुरवठा यांचे तक्ते पाहिले, पण पोट आणि यादी यांच्यातलं अंतर मला त्या पळसाखाली समजलं ते समजलं.

जेवणं झाल्यावर अव्वा म्हणाली, "पोती निम्मी निम्मी करू. म्हैनाभर तुमी बी पातळ करा, मी बी पातळ करते. नंदा, कागद काढ." मी वहीचं पान फाडलं. पोच लिहून झाली, सखराबाईचा अंगठा झाला. मग अव्वा म्हणाली, "आता दुसरा कागद काढ. या लेकरांचं लिव." मी विचारलं, काय लिहू. "बगितलंस ते लिव." मी आयुष्यातला पहिला अर्ज तिथं मांडीवर पाटी ठेवून लिहिला. आम्ही दोन्ही चिंचोल्यांच्या बायका कळवतो की तलावाच्या कामावर इतकी लेकरं रोज जेवायला येतात, ती कोणत्या जिल्ह्याची हे आम्ही विचारलेलं नाही, त्यांना येथे तिसरे केंद्र मंजूर व्हावे. खाली दोन अंगठे. अव्वाला सही येत होती, पण सखराबाईच्या शेजारी तिनेही अंगठाच उठवला.

पोती कामावरच्या ट्रॅक्टरने अहमदपूरला आणि तिथून एस.टी.च्या टपावर. दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरला गाडी बदलताना आम्ही कचेरीत जाऊन अर्ज दिला. अजीजभाईंनी तो दोनदा वाचला. "लेकरांचा जिल्हा लिहायला पायजे होता," ते म्हणाले. अव्वा म्हणाली, "तुमी जेवताना इचारताव का कुनाला?" ते हसले नाहीत. त्यांनी समासात लाल शाईने काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "होईल न होईल, खुदा जाने. मगर पुढं सरकवतो."

गावी पोचलो तेव्हा दुपार होती. फाट्यावरून एकाच्या बैलगाडीत पोती टाकून घराकडे आलो तर अंगणात नेहमीसारखी रांग बसलेली. गोठ्यात धूर. अव्वा मला मागे सारून आत गेली. कढईपाशी अप्पा उभे होते, कपाळावरचं भस्म घामाने ओघळलेलं, उलथनं खुरप्यासारखं धरलेलं. कढईत ज्वारीची घट्ट उकड रटरटत होती. माळवदाखाली कणगीचं तोंड उघडं होतं.

अव्वा कणगीकडे बघत राहिली. अप्पा म्हणाले, "परवा या मनून सांगितलं. तरी बसूनच ऱ्हायली."

अव्वाने त्यांच्या हातातलं उलथनं घेतलं. "बुडाला लागलंय," एवढंच ती म्हणाली. पण त्या दिवशी लेकरांच्या आधी तिने अप्पांना पाट मांडला.

पुढच्या महिन्यापासून आमचं पीठ आमच्या गावात उतरायला लागलं. गोविंदा उन्हाळ्यात पुन्हा बाळसं धरून धावायला लागला. पाऊस झाल्यावर शाळेजवळची खोली उभी राहिली, तिच्या भिंती अजून आहेत. अप्पांनी त्या वर्षी अर्धंच रान पेरलं. लोकांनी विचारलं तर म्हणायचे, बी कमी पडलं. का कमी पडलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि मीही हे आज पहिल्यांदाच लिहीत आहे.

पण हे सगळं नंतरचं. त्या उन्हाळ्यातच, पाऊस अजून लांब असताना, माझ्या नावाने एक लखोटा आला. माझ्या नावाचं ते पहिलं टपाल. तलावाच्या कामावर तिसरं केंद्र मंजूर झालं होतं. हजेरी आणि साठ्याचं लिहिण्यासाठी दहावी झालेली मुलगी हवी होती, आणि अर्ज लिहिणारीलाच विचारावं असं अजीजभाईंनी सुचवलं होतं. शाळेत घालताना गुरुजींनी माझी जन्मतारीख अंदाजाने एक जून, आणि तीही वर्षभर आधीची, टाकली होती, त्यामुळे कागदावर माझी अठरा वर्षं भरलेली होती. दोन दिवस तो लखोटा देवाच्या कोनाड्यात पडून होता. तिसऱ्या दिवशी अप्पांनी माझी पत्र्याची पेटी काढून तिची कडी सरळ केली, आणि मला समजलं की मी जाणार.

सखराबाईने मला आपल्या घरातली एक भिंत दिली, म्हणजे त्या भिंतीला माझी पेटी आणि माझी वळकटी. दुसऱ्या दिवशी तिला ताप आला आणि कढई माझ्यावर आली. मी गूळ फोडला होता, हजेरी मांडली होती, पण एवढं पीठ कधी भाजलं नव्हतं. अव्वाने सांगितलेलं सगळं आठवत होते आणि आठवण्याच्या नादात खालचा थर काळा झाला. मला रडू फुटलं. रांग समोर बसलेली, दुसरं पीठ भाजायला वेळ नाही. मी वरवरचं वाढलं, मग खालचं करपट खरवडून बाजूला काढलं. तेवढ्यात मागच्या खेपेची ती पोर, भावाला कडेवर घेऊन, ताटली पुढे करून आली आणि तिने बोटाने त्या काळ्या खपल्या दाखवल्या. मी दिल्या. तिने एक मोडून भावाच्या तोंडात घातली, एक आपल्या. कुरुमकुरुम खात बराच वेळ ती मला न्याहाळत होती.

"तू उद्याबी येनार हायस का?" तिने विचारलं.

"हाव," मी म्हणाले. "हितंच ऱ्हानार हाय."

तिने मान हलवली, भावाला खाली माझ्यापाशी बसवलं, आणि आईच्या टोपल्याला हात लावायला तलावाकडे पळत गेली.